लहान मुलांच्या घरासाठी गेमिंग कन्सोल कसा निवडावा

घरात गेमिंग कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र, आणायचे ठरले की पालक सहसा यंत्रांची तुलना करू लागतात. कोणाचा प्रोसेसर वेगवान, कोणाचे चित्र अधिक रेखीव, कोणात जास्त साठवण, अशी ती तुलना असते. मोठ्या वयाच्या खेळाडूला तिचा उपयोग होतो. चार ते नऊ वर्षांच्या मुलांच्या घरात मात्र तिच्यामुळे निर्णय बहुधा चुकीच्या दिशेने जातो, कारण चित्रातील बारकावे कमी-जास्त झाले तरी त्या वयाच्या मुलाला त्याचे काही वाटत नाही. कंट्रोलर (खेळ चालवायचे बटणांचे साधन) हातात मावत नाही, आपले पात्र पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात पडते, किंवा ताईची पाळी संपतच नाही, हे मात्र त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळते. म्हणून येथे क्रम वेगळा ठेवला आहे. आधी मुलाचा विचार, मग खेळांचा, त्यानंतर यंत्राचा, आणि यंत्र घरी आल्यावर ते मुलाच्या हाती देण्यापूर्वी करायच्या तयारीचा. कन्सोलविषयी काहीच माहिती नसलेल्या पालकांसाठी हे लिहिले आहे.

पहिली पायरी: मुलाचे वय आणि मुलाचे हात पाहावेत

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार दोन वर्षांखालील बाळाला स्क्रीन अजिबात दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाचा बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा, तोही जितका कमी तितका बरा. या एका तासात टीव्ही आणि मोबाइल दोन्ही आले. चार वर्षांखालील मुलाच्या वाट्याचा हा वेळ आधीच भरलेला असतो, त्यामुळे केवळ त्याच्यासाठी कन्सोल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात मोठे भावंड असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा धाकट्याला अधूनमधून सामील करून घेता येते.

चार ते सहा वर्षांच्या मुलाला एक दिशा आणि एक बटण एवढे सांभाळता येते. एका अंगठ्याने पात्र चालवायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगठ्याने कॅमेरा, म्हणजे पडद्यावर दिसणारी बाजू, फिरवायचा, हे त्याला जड जाते. ही कसरत साधारण सात-आठ वर्षांपुढे सवयीची होऊ लागते. वाचनाचाही प्रश्न आहे. अनेक खेळांत पुढे काय करायचे ते फक्त लिहून सांगितले जाते, आणि ज्या भाषेत ते लिहिलेले असते ती भाषा मुलाला येत नसेल तर दर दोन मिनिटांनी कोणा मोठ्या माणसाला धावत जावे लागते.

हाताची परीक्षा सोपी आहे. दुकानात किंवा ओळखीच्यांकडे मुलाच्या हातात कंट्रोलर द्यावा, त्याचे दोन्ही अंगठे स्टिकवर (दिशा देण्याच्या दोन छोट्या दांड्यांवर) ठेवायला सांगावे आणि तर्जनीने वरच्या कडेची बटणे दाबायला लावावीत. ती दाबताना अंगठे स्टिकवरून सुटत असतील किंवा मूल कंट्रोलर मांडीवर टेकवत असेल, तर तो कंट्रोलर अजून त्याच्या मापाचा नाही. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स या कन्सोलांचे कंट्रोलर मोठ्यांच्या हातासाठी घडवलेले आहेत. निन्टेन्डो स्विच या कन्सोलचे जॉय-कॉन हे छोटे कंट्रोलर मात्र सुटे करून आडवे धरता येतात आणि तसे धरल्यावर ते पाच वर्षांच्या मुलाच्या मुठीत नीट बसतात.

मुलाच्या हालचालींना काही मर्यादा असतील तर एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर (२०१८) आणि प्लेस्टेशनचा ॲक्सेस कंट्रोलर (२०२३) यांची माहिती अवश्य घ्यावी. मोठी बटणे, पायाने दाबायच्या कळा, कोणत्या बटणाने काय व्हावे हे ठरवण्याची मोकळीक, अशा सोयींमुळे ज्या मुलांना साधा कंट्रोलर धरताही येत नाही त्यांनाही खेळता येते.

दुसरी पायरी: वयाची खूण वाचायला शिकावे

प्रत्येक खेळाच्या वेष्टनावर किंवा ऑनलाइन दुकानातील त्याच्या पानावर वयाची खूण असते. अमेरिकेतील ईएसआरबी ही पद्धत १९९४ पासून आहे. तिच्यात ‘ई’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ई १०+’ म्हणजे दहा वर्षांपुढे, ‘टी’ म्हणजे तेरा वर्षांपुढे आणि ‘एम’ म्हणजे सतरा वर्षांपुढे. युरोपातील पेगी पद्धत २००३ मध्ये आली आणि ती थेट ३, ७, १२, १६, १८ असे आकडे छापते.

या खुणेचा एक मोठा गैरसमज असतो. ती खेळात काय आहे एवढेच सांगते: मारामारी, भीतिदायक दृश्ये, शिवराळ भाषा, जुगार. खेळ किती अवघड आहे हे ती सांगत नाही. बुद्धिबळाच्या खेळाला ‘३’ मिळू शकतात, म्हणून तीन वर्षांच्या मुलाला बुद्धिबळ येते असे होत नाही. ऑनलाइन खेळताना समोरचा अनोळखी माणूस काय बोलेल, याचीही हमी या खुणेत नसते. मुख्य खुणेशेजारची बारीक अक्षरेही वाचावीत. पैसे भरून नशिबाने मिळणाऱ्या वस्तू खेळात विकल्या जात असतील तर २०२० पासून दोन्ही पद्धती तसा वेगळा उल्लेख करतात. लहान मुलांच्या बाबतीत हा उल्लेख दिसला की तो खेळ बाजूला ठेवावा, असे मी सुचवेन.

तिसरी पायरी: यंत्राआधी चार खेळ ठरवावेत

सबंध निवडीतील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक घरांत तीच वगळली जाते. कन्सोल घेतल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत घरात कोणते चार खेळ खेळले जातील, याची यादी कागदावर लिहावी. ते चार खेळ ज्या यंत्रावर मिळतात तेच आपले यंत्र. ही यादी तयार होत नसेल तर खरेदी थोडी पुढे ढकललेली बरी.

लहान मुलांसाठी खेळ निवडताना विषयापेक्षा एक गोष्ट अधिक बारकाईने पाहावी, ती म्हणजे कच्च्या खेळाडूला सांभाळून घेण्याची त्या खेळातील सोय. मारिओ कार्ट ८ डीलक्स हे याचे उत्तम उदाहरण. या शर्यतीच्या खेळात ‘स्मार्ट स्टीअरिंग’ चालू केले की गाडी रस्त्याच्या कडेवरून खाली पडत नाही, आपोआप आत वळते. सोबत ‘ऑटो ॲक्सिलरेट’ चालू केले की वेगाचे बटण सतत दाबून धरावे लागत नाही. ही सोय चालू असलेल्या गाडीच्या मागे एक छोटा अँटेना दिसतो. विशेष म्हणजे प्रत्येक खेळाडूसाठी ती स्वतंत्रपणे चालू-बंद करता येते, त्यामुळे पाच वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा भाऊ आणि आई हे तिघे एकाच शर्यतीत खऱ्या अर्थाने भाग घेऊ शकतात. काही जवळच्या वाटा या सोयीमुळे बंद होतात. मूल सरावले की ते स्वतःहूनच ती काढून टाकायला सांगते.

अशा सोयी इतरत्रही आहेत. सुपर मारिओ ब्रदर्स वंडर (२०२३) या खेळात योशी किंवा नॅबिट हे पात्र घेतले तर शत्रूचा धक्का लागून इजा होत नाही, फक्त खड्डे सांभाळावे लागतात. सुपर मारिओ ऑडिसी (२०१७) मध्ये मदतीचा वेगळा प्रकार निवडला की पुढची दिशा बाणांनी दाखवली जाते, आणि दुसरा खेळाडू मारिओच्या टोपीचा ताबा घेऊन त्याला साथ देऊ शकतो. लेगोच्या बहुतेक खेळांत दुसरा खेळाडू मध्येच येऊ शकतो आणि मध्येच निघूनही जाऊ शकतो. स्वयंपाक करता करता दहा मिनिटे खेळायला बसणाऱ्या पालकासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. माइनक्राफ्ट हा बांधकामाचा खेळ निन्टेन्डो, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या तिन्ही कुटुंबांच्या यंत्रांवर चालतो. त्यात ‘पीसफुल’ ही पातळी ठेवली की हल्ला करणारे राक्षस येत नाहीत, आणि ‘क्रिएटिव्ह’ प्रकारात मूल निवांतपणे घरे, पूल, बोगदे बांधत बसते.

एकाच सोफ्यावर बसून एकत्र खेळण्याला आणि इंटरनेटवरून एकत्र खेळण्याला वर्णनात वेगवेगळे शब्द असतात. आपल्याला ‘लोकल मल्टिप्लेअर’ किंवा ‘स्प्लिट स्क्रीन’ हवे आहे. नुसते ‘मल्टिप्लेअर’ लिहिलेले असेल तर तो खेळ केवळ ऑनलाइन असण्याची शक्यता असते.

चौथी पायरी: आता यंत्र

बाजारात मुख्य कुटुंबे तीनच आहेत: निन्टेन्डो, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स. (कंट्रोलरशिवाय, कॅमेऱ्यासमोर अंग हलवून खेळण्याचे नेक्स प्लेग्राउंडसारखे यंत्रही आहे. ज्यांना मुलांनी खेळताना बसून राहू नये असे वाटते त्यांनी ते पाहावे, परंतु त्यावर मिळणाऱ्या खेळांची निवड मर्यादित आहे.)

दहा वर्षांखालील मुलांच्या बहुतेक घरांना निन्टेन्डो स्विच सोयीचा पडतो, असे माझे मत आहे. त्याची कारणे वर आलीच आहेत: छोटे कंट्रोलर, डब्यातच दोघांना पुरणारे दोन जॉय-कॉन, आणि लहानांना सांभाळून घेणारे भरपूर खेळ. शिवाय तो टीव्हीला जोडूनही चालतो आणि हातात धरूनही, त्यामुळे घरातील टीव्ही कोणी दुसरे पाहत असेल तर खोळंबा होत नाही. मात्र ‘स्विच’ या नावाखाली चार वेगवेगळी यंत्रे आहेत आणि येथे चूक होण्याची शक्यता मोठी असते. मूळ स्विच २०१७ चा, ६.२ इंची पडद्याचा. २०२१ च्या ओएलईडी प्रकाराचा पडदा ७ इंची आणि रंगांना अधिक उजळ. २०१९ चा स्विच लाइट ५.५ इंची, वजनाला सुमारे २७५ ग्रॅम. तो लहान हातांना हलका पडतो, पण टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. एकट्या मुलाला प्रवासात खेळण्यासाठी तो ठीक आहे. सगळ्या घराने मिळून खेळायचे असेल तर तो घेऊ नये. ५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २ चा पडदा ७.९ इंची आहे, त्यावर आधीच्या स्विचचे बहुतेक खेळ चालतात आणि नवे खेळ यापुढे प्रामुख्याने त्याच्यासाठीच येत राहतील. जॉय-कॉनसह त्याचे वजन सुमारे ५३४ ग्रॅम भरते, म्हणून सहा वर्षांच्या मुलाने तो हातात धरून फार वेळ खेळावे अशी अपेक्षा करू नये. टेबलावर उभा करून किंवा टीव्हीला जोडून खेळू द्यावे.

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स व एस ही यंत्रे नोव्हेंबर २०२० मध्ये आली. घरात बारा-तेरा वर्षांचे मूल किंवा स्वतः खेळणारे पालक असतील तर यांचा विचार करावा. प्लेस्टेशन ५ मध्ये ॲस्ट्रोज प्लेरूम हा सुंदर खेळ आधीपासून भरलेला असतो, आणि जुन्या प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सगळे खेळ त्यावर चालतात. एक्सबॉक्सवरील ‘कोपायलट’ ही सोय लहान मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे: दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवतात, त्यामुळे मूल आपल्या कंट्रोलरने खेळत असताना अवघड उडी तेवढी आई किंवा बाबा आपल्या कंट्रोलरने मारून देऊ शकतात. या दोन्ही कुटुंबांच्या यंत्रांसोबत सहसा एकच कंट्रोलर मिळतो, हे हिशेबात धरावे.

पाचवी पायरी: डिस्क, कार्ट्रिज की डाउनलोड

खेळ हातात धरता येण्यासारखा असेल तर तो मित्राला देता येतो, नंतर विकता येतो, जुना विकत घेता येतो. डाउनलोड केलेला खेळ खात्याला बांधलेला असतो, पण हरवत नाही आणि त्यावर ओरखडे पडत नाहीत. लहान मुलांना खेळ लवकर जुने होतात, म्हणून मी पहिल्या बाजूला झुकतो. त्यासाठी यंत्राला डिस्कची खाच आहे का, ते आधी पाहावे. एक्सबॉक्स सीरीज एस ला ती नाही आणि नंतर बसवताही येत नाही. २०२३ पासूनच्या सडपातळ प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल प्रकाराला मात्र डिस्क ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो.

स्विचचे कार्ट्रिज, म्हणजे ज्यात खेळ भरलेला असतो ते छोटे कार्ड, बोटाच्या पेरापेक्षा फार मोठे नसते आणि मूल ते सहज तोंडात घालू शकते. म्हणूनच त्यावर डिनाटोनियम बेन्झोएट या अतिशय कडू पदार्थाचा लेप दिलेला असतो, जेणेकरून मूल ते लगेच थुंकून टाकेल. घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर केवळ या लेपावर विसंबून राहू नये. कार्ट्रिजची पेटी उंचावर ठेवावी. स्विच २ च्या काही खेळांच्या कार्ट्रिजमध्ये प्रत्यक्ष खेळ नसून फक्त किल्ली असते आणि खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. वेष्टनाच्या दर्शनी भागावर तसे छापलेले असते.

सहावी पायरी: डब्याबाहेरचा खर्च मांडावा

कन्सोलची किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते. जादा कंट्रोलर, दोन-तीन खेळ, साठवणीचे कार्ड आणि हातात धरायचे यंत्र असेल तर कव्हर व पडद्याची काच, एवढे सगळे मिळून आकडा काढावा. मूळ स्विचमध्ये साठवण ३२ जीबी आहे, स्विच २ मध्ये २५६ जीबी; स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेस प्रकारचेच कार्ड लागते, जुने साधे कार्ड खेळ साठवायला चालत नाही.

ऑनलाइन खेळण्यासाठीचे मासिक किंवा वार्षिक सदस्यत्व लहान मुलांच्या घरात पहिल्या वर्षी घेण्याची गरज नाही. एक्सबॉक्सचा गेम पास हा त्याला अपवाद ठरू शकतो, कारण त्यात अनेक खेळ एकाच वर्गणीत मिळतात आणि मुलाला काय आवडते ते चाचपून पाहता येते. निन्टेन्डोचे कौटुंबिक सदस्यत्व आठ खात्यांपर्यंत चालते, म्हणून पुढे कधी घ्यायचे झाले तर तेच घ्यावे.

जुने यंत्र घेत असाल तर दोन्ही स्टिक सोडून द्याव्यात आणि पडद्यावरचे पात्र आपोआप सरकते का ते पाहावे. स्टिक झिजली की असे होते. आधीच्या मालकाचे खाते काढून यंत्र पूर्ववत केले आहे याची खात्री त्याच्यासमोरच करून घ्यावी.

सातवी पायरी: मुलाच्या हाती देण्याआधीची संध्याकाळ

नवा कन्सोल उघडताच खेळता येत नाही. खाते उघडणे, अपडेट, खेळ उतरवणे यांत दोन-तीन तास सहज जातात, आणि मूल शेजारी उड्या मारत असताना पालक घाईघाईने प्रत्येक प्रश्नाला ‘पुढे’ म्हणत जातात. म्हणून मूल झोपल्यावर डबा उघडावा आणि सगळे तयार करून ठेवावे.

प्रथम मोठ्या माणसाचे खाते उघडावे आणि मुलाचे खाते त्याच्या कुटुंब-गटात जोडावे. मुलाची जन्मतारीख खरी भरावी. पुढे त्रास नको म्हणून बरेच जण मोठ्या माणसाचे वय टाकतात; पण वयानुसार लागणारी सारी बंधने त्या तारखेवरूनच लागतात, आणि ती चुकीची असेल तर यंत्राच्या दृष्टीने आपले सहा वर्षांचे मूल प्रौढ ठरते.

दुसरे काम पैशांचे. बँकेचे कार्ड खात्यात साठवून ठेवू नये. ठेवावेच लागले तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागितला जाईल अशी व्यवस्था करावी आणि मुलाच्या खात्याची खर्चमर्यादा शून्य ठेवावी. ही अवाजवी भीती नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोर्टनाइट हा ऑनलाइन खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीशी ५२ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली, त्यातील २४.५ कोटी डॉलर हे नको असताना झालेल्या खरेदीची भरपाई म्हणून ग्राहकांना परत देण्यासाठी होते. एका चुकीच्या बटणाने खरेदी होत होती आणि मुले पालकांच्या संमतीविना खर्च करू शकत होती, असे आयोगाचे म्हणणे होते.

तिसरे, अनोळखी लोकांशी बोलणे आणि संदेश पाठवणे पूर्ण बंद ठेवावे. मैत्रीची विनंती पालकांच्या मान्यतेशिवाय स्वीकारली जाणार नाही, असे पाहावे.

चौथे, वेळ. तिन्ही कुटुंबांची पालकांसाठीची मोबाइल ॲप आहेत आणि त्यांतून दिवसाची मर्यादा घालता येते. निन्टेन्डोच्या ॲपमध्ये वेळ संपल्यावर केवळ सूचना दाखवायची की खेळ थांबवायचा, असे दोन पर्याय असतात. सुरुवातीला सूचनेचाच पर्याय ठेवावा, कारण शर्यत अर्ध्यावर असताना पडदा बंद झाला की मुलाला झालेले नुकसान खरे असते, आणि त्या रडण्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. ‘अजून पाच मिनिटे’ असे सांगण्यापेक्षा ‘ही शर्यत संपली की बंद’ असे सांगावे; पाच वर्षांच्या मुलाला मिनिटे कळत नाहीत, शर्यत कळते. सूचना मिळूनही रोज वाद होत असेल तर मग दुसरा पर्याय लावावा.

पालकांचा पिन घरातील कोणाचे जन्मवर्ष नसावा आणि तो टाकताना मूल पाहत नसावे. मुले आकडे पाठ करत नाहीत, बोटांची हालचाल पाठ करतात.

आठवी पायरी: जागा

कन्सोल सर्वांच्या वावराच्या खोलीत ठेवावा, मुलाच्या झोपण्याच्या खोलीत नको. टीव्हीला एचडीएमआय जोडणी (कन्सोलची वायर लावायची खाच) आहे का, ते खरेदीआधीच पाहावे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करावा. त्याने बटण दाबणे आणि पडद्यावर ते दिसणे यांतील विलंब कमी होतो, आणि ज्यांची बोटे आधीच सावकाश चालतात त्यांना हा फरक मोठ्यांपेक्षा जास्त जाणवतो. यंत्राच्या झरोक्यांसमोर मोकळी जागा ठेवावी, वायरी पायात येणार नाहीत अशा बांधाव्यात, आणि हात हलवून खेळायच्या खेळात मनगटाचा पट्टा घातल्याशिवाय मुलाला खेळू देऊ नये. घरात कोणाला फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून मगच खेळू द्यावे, कारण झपाट्याने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही जणांना झटका येऊ शकतो.

पहिले काही दिवस मोठ्या कोणी तरी शेजारी बसून खेळावे, नुसते पाहत बसू नये. महिन्याभराने ॲपमधील नोंद उघडून मूल कोणता खेळ किती वेळ खेळले ते पाहावे, ज्याला हातही लावलेला नाही तो खेळ विकून किंवा बदलून टाकावा, आणि वयाची किंवा वेळेची मर्यादा बदलायची असेल तर ती कशासाठी बदलत आहोत हे मुलाला सांगून त्याच्यासमोर बदलावी. पिन टाकताना तेवढे त्याला तोंड फिरवायला सांगावे.